काटा खाली आला

शुक्रवार, संध्याकाळी 6:20. अजून 19 तास.

"पंखा फिरव. जोरात ढकल आणि गिरक्या मोज," आजोबा म्हणाले.

ते माझे सख्खे आजोबा नव्हेत. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आमच्या शेजारच्या घरात राहतात. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणते, तेच आमच्या घरात रुळलं. पॉन्टिॲक शहरातल्या इंजिनांच्या कारखान्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. 1969 साली तिथलीच एक पॉन्टिॲक जीटीओ त्यांनी कोरी विकत घेतली. गडद हिरवी, दोन दारांची, 400 घन इंचांचं म्हणजे सुमारे 6.6 लिटरचं व्ही-8 इंजिन, 350 अश्वशक्ती. गाडीच्या कागदांवरचा आणि इंजिनाच्या बिडावर ठोकलेला नंबर अजून जुळतो. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांत त्या गाडीने हृदय बदललेलं नाही. जुन्या गाड्यांच्या जगात याहून मोठी कुळी नाही.

दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, नेमकं जिथे बघायचं तिथे धुकं. लायसन्स त्यांनी स्वतःहून परत केलं. तेव्हापासून गाडी मी चालवतो आणि ते शेजारी बसतात.

पंख्याची परीक्षा अशी: गाडी फिरवून इंजिन चांगलं तापवायचं, बंद करायचं आणि पंखा हाताने ढकलायचा. पंखा आणि त्याचा दांडा यांच्यामध्ये फॅन क्लच असतो. त्याच्या पोटात सिलिकॉनचं दाट तेल आणि तोंडावर दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी पिळते, तेलाला वाट मिळते आणि पंखा दांड्याला धरून जोरात फिरायला लागतो. तेल पाझरून गेलं असेल तर इंजिन कितीही फिरो, पंखा नुसता लोळतो. ताज्या क्लचचा गरम पंखा एखादी गिरकी घेऊन थांबतो.

"दोनाच्या वर गेला तर उद्या जायचं नाही," ते म्हणाले.

पंखा चार वेळा फिरला.

"दोन," मी म्हणालो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. दुसऱ्या दिवशी ऑगस्टमधला तिसरा शनिवार होता, वुडवर्ड ड्रीम क्रूझचा. 1995 साली फर्नडेल गावात मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे उभे करायला हा सोहळा सुरू झाला, आणि पहिल्या वर्षापासून आजोबांनी एकही चुकवलेला नव्हता. घरातला टॅबलेट डोळ्यांसमोर धरूनही ज्यांना तारीख वाचता येत नाही, त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बोटाने चाचपून तो शनिवार मला दाखवला होता. एका जुन्या क्लचपायी त्यांना घरी बसवायचं मला जमलं नाही.

शनिवार, सकाळी 7:10. सहा तास दहा मिनिटं.

इंजिन गार होतं, म्हणून रेडिएटरचं झाकण निर्धास्त उघडलं. पातळी तोंडापासून बोटभर खाली. ते बरोबरच. आजच्या गाडीत सांडलेलं कूलंट साठवून परत ओढून घेणारी प्लॅस्टिकची बाटली असते, या गाडीत ती नाही. झाकणाखालून एक रबरी नळी निघते आणि तिचं तोंड थेट रस्त्याकडे. दाब वाढला की झाकण उचलतं, जास्तीचं कूलंट जमिनीवर पडतं आणि गेलेलं परत येत नाही.

झाकण 15 पौंड दाबाचं. पाणी आणि अँटिफ्रीझचं निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंश सेल्सियसला उकळतं, तेच या दाबाखाली 129 पर्यंत दम धरतं. सगळं मिळून सुमारे 17 लिटर. एवढ्या कूलंटच्या भरवशावर बिडाचा तो सगळा डोंगर थंड राहतो.

मूळ डॅशबोर्डवर तापमानासाठी फक्त लाल दिवा आहे, आणि तो लागतो तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो. म्हणून आजोबांनी फार वर्षांपूर्वी डॅशखाली काट्याचा गेज बसवला. त्याचं टोक इंजिनाच्या वरच्या पुढच्या भागात, इनटेक मॅनिफोल्डमधून जाणाऱ्या पाण्याच्या वाटेत बुडवलेलं आहे. काटा फॅरनहाइट दाखवतो. तो वाचून दाखवायचं काम माझं.

सकाळी 8:00. पाच तास वीस मिनिटं.

बिग बीव्हर रस्ता मोकळा होता. ताशी 45 मैल.

"किती?"

"185." थर्मोस्टॅट 180 ला उघडतो. 185 म्हणजे 85 अंश सेल्सियस, अगदी नेमकं.

धावत्या गाडीला पंख्याची गरज जवळजवळ नसते. वारा स्वतःच जाळीतून आत घुसतो. रस्त्यावर जिवापाड पळणारी गाडी तापत नाही आणि सिग्नलला उभी असलेली तापते, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. मलाही वाटायचं. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, कसारा घाटातून नाशिकच्या गाड्या न्यायचे. गाडी तापते ती चढाला, हेच मी लहानपणापासून ऐकलेलं. घाटात इंजिनावर ओझं असतं, पण ते फिरतही जोरात असतं. पंखा आणि पाण्याचा पंप त्याच्याच वेगाने पळतात. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला सहा-सातशे फेरे घेतं. पंखा हळू, पंप हळू, वारा नाही आणि आग मात्र चालू.

सकाळी 9:15. चार तास पाच मिनिटं.

बर्मिंगहॅमपाशी वुडवर्डला लागलो आणि दक्षिणेकडे वळलो. दोन्ही अंगांना घडीच्या खुर्च्या टाकून माणसं बसलेली, मध्ये गवताचा रुंद पट्टा आणि चारी लेनमध्ये पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा डेट्रॉइट. चार्जर, शेव्हेल, मस्टँग, रोडरनर. आजोबा काच खाली करून ऐकत होते. "हेमी," ते म्हणायचे, आणि शेजारून खरोखरच हेमी इंजिनाची गाडी जायची.

हा रस्ता त्यांच्या तरुणपणी शर्यतींचा होता. 1964 साली पॉन्टिॲकचे इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या माणसांनी मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये 389 घन इंचांचं मोठं इंजिन बसवलं. एवढ्या गाडीला एवढं इंजिन द्यायचं नाही, असा पॉन्टिॲकच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा, नियम होता. पॉन्टिॲकने ते ऐच्छिक जोड म्हणून विकलं आणि नियमाला बगल दिली. तीच पहिली जीटीओ. पुढे रॉयल ओकमधल्या रॉयल पॉन्टिॲक या दुकानात याच गाड्यांची इंजिनं आणखी तिखट करून मिळायची, आणि रात्री ती इथे, सिग्नल ते सिग्नल, पारखली जायची. या गाड्या दहा-पंधरा सेकंदांच्या धावेसाठी घडवलेल्या आहेत. त्यांना चार तास रांगायला लावणं ही त्यांच्या स्वभावाविरुद्धची गोष्ट आहे.

त्यात पेट्रोल. या इंजिनाचं कॉम्प्रेशन 10.75 ला 1. ते शिसं घातलेल्या, उंची पेट्रोलच्या काळातलं. आज पंपावर मिळणाऱ्या 93 ऑक्टेनवर ते चढाला खडखडतं, म्हणून टायमिंग थोडं मागे घ्यावं लागतं, ठिणगी जरा उशिरा पाडावी लागते. उशिराची ठिणगी म्हणजे उभ्या गाडीत जास्त उष्णता.

"किती?"

"200."

तोवर मी खरं सांगत होतो.

सकाळी 10:20. तीन तास.

फर्नडेल, नाइन माइल रोड. एका मोकळ्या जागेत गाडी लावली. इंजिन बंद केल्यावर पंप थांबतो, पण बिडातली धग थांबत नाही. ती उभ्या पाण्यात उतरते आणि बंद गाडीत काटा उलट चढतो. पाच मिनिटांनी नळीतून सुर्र आवाज आला आणि पुढच्या चाकामागे हिरवट थारोळं झालं.

"सांडलं का?"

"थोडंसं."

मोठ्या तांब्याएवढं तरी असेल.

सकाळी 11:30. एक तास पन्नास मिनिटं.

वळण घेऊन उत्तरेला निघालो तोवर गर्दी दुप्पट झाली होती. डेट्रॉइट प्राणिसंग्रहालयाची पाण्याची टाकी समोर दिसत होती आणि वीस मिनिटं ती तेवढीच लांब दिसत राहिली. बाहेर 33 अंश, पण डांबराच्या वर, पुढच्या गाडीच्या धुराड्यामागे किती असेल कोण जाणे.

काटा 218.

"किती?"

"210."

आठ अंशांचा फरक. मी त्याला खोटं म्हटलं नाही, सांभाळून घेणं म्हटलं. 220 झाले की घरी परतायचं, असं आदल्या दिवशी ठरलं होतं. थर्टीन माइल रोडच्या पुढे माझी बायको आणि मुलगी खुर्च्या मांडून बसल्या होत्या. मुलीने पुठ्ठ्यावर मराठीत 'आजोबांची गाडी' असं रंगवून ठेवलं होतं. डब्यात थालीपीठं होती. आम्ही तीन मैलांवर होतो.

"थांबलास की न्यूट्रलला टाक," आजोबा म्हणाले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल याच रेडिएटरच्या टाकीतून थंड होऊन जातं. गाडी गिअरमध्ये ब्रेकवर धरून ठेवली की ते तेलही घुसळून तापतं आणि आपली उष्णता पाण्यात ओततं. न्यूट्रलमध्ये ते थांबतं, इंजिन जरा मोकळं होऊन पंखाही वेग घेतो.

"आणि हीटर लाव. पूर्ण."

हीटर म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटरच. तेवढीच उष्णता केबिनमध्ये निघून येते. ऑगस्टच्या भर दुपारी आगीसारखी हवा त्यांच्या नडग्यांवर सुटली. ऐंशी ओलांडलेला माणूस. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली, पाय हवेच्या झोतात तसेच ठेवले आणि म्हणाले, "चांगलं गरम येतंय. म्हणजे पाणी फिरतंय."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

दुपारी 12:10. एक तास दहा मिनिटं.

बर्कलीत एका दुकानाच्या आवारात शिरलो, कारण काटा 224 ला होता. मी 216 सांगितलं. आजोबांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, बोनेट उघडायला लावलं आणि मान कलती करून उभे राहिले.

"आवाज जड आहे. व्हॅक्यूमची नळी कुठे लावली आहे?"

डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर एक चपटी डबी असते. तिला इंजिनाची ओढ मिळाली की ती ठिणगी आधी पाडते. वसंतात पंप बदलला तेव्हा गॅरेजवाल्याने ती नळी कार्बोरेटरच्या वरच्या तोटीला जोडली होती. तिथे उभ्या गाडीत ओढ नसते, ॲक्सिलरेटर दाबल्यावरच मिळते. आजोबा तिला कायम खालच्या तोटीला ठेवत, जिथे ओढ सतत असते.

यावर जुन्या गाड्यांची माणसं तासन्‌तास वाद घालतात. मला वाटतं, त्यातलं कारण एकदा कळलं की वाद उरत नाही. उभ्या गाडीत सिलिंडरमध्ये पेट्रोलचं मिश्रण थोडं आणि आधीच्या जळलेल्या वायूची भेसळ जास्त. असं मिश्रण सावकाश जळतं. ठिणगी आधी पडली तर ते वेळेत जळून संपतं आणि पिस्टनला ढकलतं. उशिरा पडली तर जळता जळताच एक्झॉस्टच्या वाटेने निघतं, आणि ती वाट सिलिंडर हेडमधल्या पाण्याने वेढलेली असते. सगळी आग त्या पाण्यात. साठच्या दशकाच्या शेवटी धुराचे नियम आले तेव्हा उशिराची ठिणगी मुद्दाम निवडली गेली, कारण तप्त एक्झॉस्टमध्ये उरलेलं पेट्रोल जळून जातं. त्याची किंमत कारखान्यांनाही माहीत होती. जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या कित्येक गाड्यांत एक तापमानाची झडप असे. पाणी 220 च्या आसपास गेलं की ती आपणहून डबीला पूर्ण ओढ द्यायची आणि इंजिन निववायची.

मी नळी काढून खालच्या तोटीला लावली. इंजिनाने लगेच वेग घेतला, आवाज हलका झाला. आजोबांनी चाचपडत आयडलचा स्क्रू शोधला आणि कानाने त्याला पुन्हा सातशेवर आणलं. पाच मिनिटांत काटा 224 वरून 208 ला उतरला. गाडी जागेवर उभी असून.

मी तो उतरताना पाहिला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. काटा खाली येतो म्हणजे सगळं ठीक होतं, हे त्या पाच मिनिटांनी मला पक्कं शिकवलं.

दुपारी 12:25. पंचावन्न मिनिटं.

इंजिन बंद केल्यावर दुसरं थारोळं झालं. पहिल्याहून मोठं. ते उताराने गटाराच्या जाळीकडे वाहत गेलं.

"झाकण उघडून पातळी बघायला हवी," आजोबा म्हणाले. "पण आता नाही उघडायचं. तास-दीड तास थांबू. गार होऊ दे."

गरम रेडिएटरचं झाकण का उघडायचं नाही, हे मला सांगायची गरज नव्हती. कसारा चढून इगतपुरीला आल्यावर वडील आधी घाटनदेवीला हात जोडायचे, मग झाकणावर ओलं गोणपाट टाकायचे आणि तरीही किती तरी वेळ हात लावायचे नाहीत. दाबाखाली जे पाणी शांत असतं, ते दाब सुटल्या क्षणी उसळून वाफ होतं. एका क्लीनरचा भाजलेला हात मी शाळेत असताना पाहिला आहे.

म्हणजे थांबणं एवढाच उपाय होता. सावलीही होती.

"किती सांडलंय?" त्यांनी विचारलं.

ज्या माणसाला दिसत नाही, त्याच्यासाठी आपण जे सांगतो तेवढंच जग असतं. मी जमिनीकडे पाहिलं. फोनवर मुलीचा निरोप आला होता, कुठे आहात.

"फार नाही," मी म्हणालो. "काटाही खाली आलाय. जाऊ या."

दुपारी 1:05. पंधरा मिनिटं.

थर्टीन माइलच्या अलीकडे सगळ्या लेन थांबल्या. पुढे काय झालं होतं ते कधीच कळलं नाही. न्यूट्रल, हीटर पूर्ण, खिडक्या उघड्या. 212. 219. 226.

"किती?"

"214."

पंखा लोळत होता. बोनेटखालून येणारा त्याचा आवाज मला ऐकू येत होता, ती गुरगुर नव्हती, नुसती फरफर. आजोबांना ते माझ्याआधी ऐकू आलं असणार. त्यांनी माझ्या बाजूला मान वळवली, पण काही बोलले नाहीत. माझ्या आकड्यांवर त्यांनी आपल्या कानापेक्षा जास्त भरवसा ठेवला.

दुपारी 1:14. सहा मिनिटं.

231. नळीतून खाली तिसऱ्यांदा सुर्र झालं, या वेळी चालू इंजिनात. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवून हाताने काहीतरी खुणावलं. डावीकडे गवताचा पट्टा होता. गाडी त्यावर चढवून बंद करता आली असती. अर्ध्या मैलावर मुलगी पुठ्ठा घेऊन उभी होती.

दुपारी 1:17. तीन मिनिटं.

काटा थबकला आणि उतरायला लागला. 225. 215.

"उतरतोय!" मी ओरडलोच. आता मला काही कमी करून सांगायचं नव्हतं. "210. 205."

"लेन हलली का?"

"नाही, उभेच आहोत. 195."

आजोबा हसले, आणि हसू अर्ध्यावर थांबलं. त्यांनी पाय पुढे केले, मग मागे, मग उघड्या नडगीवर हात ठेवला.

"हीटर बंद केलास का?"

"नाही."

"हवा गार आहे."

मी वाकून हात लावला. पंख्याची हवा येत होती, बाहेरच्या हवेइतकी. दोन तास आग ओकणारा हीटर निवला होता, कारण त्याच्यात पाणी उरलं नव्हतं. आणि गेजचं टोक जिथे होतं तिथेही नव्हतं. ते कोरडं पडलं होतं आणि भोवतालच्या हवा-वाफेचं काहीबाही तापमान दाखवत होतं. खाली, सिलिंडरांच्या भोवती, काय होतं ते दाखवणारं गाडीत काहीच नव्हतं.

"बंद कर!"

दुपारी 1:20.

मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं नाही.

ठिणगी बंद होती, तरी ते धडधडत राहिलं, खोकत, हिसके देत. आतला कार्बन लालबुंद झाला होता आणि पेट्रोल त्याच्यावरच पेटत होतं. "ब्रेक दाब, डी ला टाक!" आजोबा ओरडले. टाकलं. गाडीने एक धक्का दिला, आतून लोखंडावर लोखंड घासल्याचा लांब आवाज आला आणि सगळं शांत झालं. मग बोनेटच्या फटींतून वाफ उठली, गोडसर वासाची, पांढरी. खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली.

एक मुलगा बर्फाच्या पाण्याची मोठी बाटली घेऊन धावत आला. आजोबांनी दार उघडून दोन्ही हात आडवे धरले. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर उरलंसुरलंही तडकतं. ते तसेच, पँट गुडघ्यापर्यंत वर, हात पसरून वाफेसमोर उभे होते. फुटपाथवरून माझी बायको येताना दिसली, तिच्या मागे पुठ्ठा घेतलेली मुलगी.

आठ आठवड्यांनंतर.

इंजिन उघडलं तेव्हा पंपाने आपली गोष्ट सांगितली. पॉन्टिॲकच्या पंपात पाती आणि पाणी विभागणारा पत्रा यांच्यात फार थोडी फट हवी, पाव डॉलरच्या नाण्याच्या जाडीहून कमीच. या नव्या पंपाची पाती पत्र्याची होती आणि फटीत पेन्सिल आडवी मावली असती. जोरात फिरताना ते खपतं. आयडलला पाणी पुढे जाण्याऐवजी तिथल्या तिथे घुसळत राहतं. पूर्वी आजोबा स्वतः तो पत्रा हातोडीने ठोकून पात्यांजवळ आणत. या वेळी डोळे नव्हते, म्हणून काम बाहेर दिलं होतं.

डावं हेड मधोमध तडकलं होतं. या इंजिनात मधल्या दोन सिलिंडरांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांना चिकटून असतात, सगळ्यात जास्त धग तिथेच. तडा बरोबर त्या दोघांच्या मधून गेला होता. तीन आणि पाच नंबरचे पिस्टन भिंतींना घासले होते.

आजोबांनी पाच नंबरच्या सिलिंडरमध्ये बोट घातलं आणि वरून खाली सावकाश फिरवलं. प्रत्येक ओरखड्यावर बोट थांबत होतं. या भिंती त्यांच्या कारखान्यात घासून तयार केलेल्या होत्या. दुकानातला माणूस म्हणाला, ब्लॉक वाचेल, बोअर वाढवून नवे पिस्टन घालता येतील. नंबर जुळलेलाच राहील. आजोबांनी मान हलवली, पण बोट काढलं नाही.

"त्या शुक्रवारी पंखा किती फिरला होता?" त्यांनी विचारलं.

"चार," मी म्हणालो.